सोळा रंगांतला कलश

सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी अप्पा संगणकासमोरून उठले, न्हाणीघरात गेले आणि अंगावरच्या कपड्यांसकट त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. उत्तरा ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. तिनं आधी नुसता आवाज ऐकला. तांब्या बादलीत बुडाला, वर आला आणि सगळं पाणी एकदम फरशीवर आपटलं. आंघोळ तर सकाळीच झाली होती. ती गेली तेव्हा न्हाणीघराचं दार उघडंच होतं. सदरा छातीला चिकटलेला, चष्मा नाकावर तसाच, त्याच्या काचांवरून पाणी ओघळतंय, आणि तांब्या डाव्या हातात, कारण उजवा अजून जड होता. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. नजर गोंधळलेली नव्हती. उलट गेल्या कित्येक महिन्यांत ती इतकी स्थिर तिनं पाहिली नव्हती. "यारू?" अप्पांनी विचारलं. कोण? झटक्यानंतर त्यांच्यापाशी जे चार-दोन शब्द उरले होते त्यांत घरच्या मराठीपेक्षा बाजारातली कानडी जास्त होती. उत्तराला प्रश्न कळला नाही. मागून चंद्रभागाआत्या आली, पदराला हात पुसत, आणि तिला तो पाहताक्षणी कळला.

"अगंबाई! अण्णा, कोण गेलं?" आत्या भावाला म्हणाली, आणि मग लगेच उत्तराकडे वळली. "फोन आला होता काय गं कुणाचा? मला सांगायचं नव्हतं होय? आं? कुणी गेल्याशिवाय हा असा नेसत्या कपड्यानं पाणी घेईल?"

"कुणी गेलं नाही, आत्या."

"मग ह्याला काय उन्हाळा लागलाय माघ महिन्यात?"

"कुणीसुद्धा गेलं नाही." हे दुसऱ्यांदा म्हणताना उत्तराचा आवाज चढला आणि म्हणून झाल्यावर ते वाक्य तिच्या स्वतःच्या कानावर पडलं. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर निथळत उभ्या असलेल्या माणसाला आपण काय सांगितलं हे तिच्या लक्षात आलं. आत्याच्याही आलं असावं. तिनं टॉवेल काढला आणि भावाचं डोकं पुसायला लागली.

वत्सला, उत्तराची आई, भाद्रपदात गेली. अप्पा तेव्हा इस्पितळात होते, काचेच्या दाराच्या पलीकडे, नळ्या लावलेले. त्यांना झटका येऊन आठवडा झाला होता आणि तो सगळा आठवडा आई कमरीपेठेतलं घर आणि इस्पितळ यांच्यामध्ये रिक्षानं ये-जा करत होती. डब्यात पेज न्यायची. अप्पांना ती पिता येत नव्हती, मग जिन्यात बसून स्वतःच प्यायची. एका दुपारी ती घरी आली, एक चप्पल काढली आणि दुसरी काढण्याआधी खाली बसली. डॉक्टर म्हणाले, हृदय. बंगळूरहून रोहित आला. त्यानं मडकं खांद्यावर घेतलं, फेऱ्या घातल्या. मागून कुणीतरी दगडानं मडक्याला भोक पाडलं तेव्हा पाण्याची धार आपल्या भावाच्या उघड्या पाठीवरून कशी खाली आली हे उत्तराच्या डोळ्यांसमोर राहिलं, बाकीचं त्या दिवसाचं फारसं काही राहिलं नाही. अप्पांना नंतर सांगितलं. रोहितनं वॉर्डात सांगितलं, तेव्हा ते "आतु" म्हणाले, कानडीत 'झालं'. कुठलंही काम हातावेगळं झालं की छपाईच्या दुकानात ते हाच शब्द म्हणत, आणि आता कशालाही हाच म्हणत होते. घरी आल्यावर आत्यानं कानडीत सांगितलं, रडत, त्यांचे दोन्ही हात धरून. त्यांनी आत्याचे डोळे पुसले. ते आत्यासाठी हळहळत होते, तिच्यावर काहीतरी ओढवलं आहे इतकंच त्यांना समजलं होतं, असं निदान उत्तराला वाटलं. शेवटी तिनं आईचा फोटो फ्रेम करून आणला, हार घातला आणि समोरच्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी फोटो भिंतीवर नव्हता. अप्पांनी तो उतरवला होता, हार काढून बाजूला ठेवला होता, काच सदऱ्याच्या टोकानं पुसली होती, आणि फोटो फ्रेमसकट स्कॅनरवर पालथा घालून झाकण त्यावर कसंबसं टेकवून ते वाट पाहत बसले होते. आयुष्यभर लोक त्यांच्याकडे असे फोटो घेऊन येत आले होते. आत्यानं फोटो कपाटात ठेवला. त्यानंतर कुणी काही सांगितलं नाही. रोज चार वाजता अप्पा ओट्यावर दोन कप काढून ठेवतात. एक त्यांचा आणि दुसरा कान तुटलेला, जो आईशिवाय कुणी वापरत नसे.

तेव्हा प्रश्न इतकाच होता, आणि उत्तरा, आत्या आणि रोहित तो आपापल्या जागी बसून एकमेकांना न विचारता विचारत होती: अप्पांना माहीत आहे की नाही.

डॉक्टर म्हणाले होते की यांची अक्षरं गेली आहेत, मराठीही आणि कानडीही, आणि बोललेलंही बरंचसं आत पोचत नाही. चित्रं मात्र ओळखतात, हात शिकलेला आहे, त्याला कामाला लावा. म्हणून उत्तरानं पुण्याच्या कंपनीला घरून काम करायची परवानगी मागितली आणि दुकानातला संगणक घरी आणून खिडकीपाशी मांडला. दुकान म्हणजे दुर्गदबैलाच्या बाजाराच्या तोंडाशी, कापडवाल्याच्या माडीखाली, जयलक्ष्मी प्रिंटर्स. लग्नाच्या पत्रिका, बारशाच्या, वास्तूच्या. मळमड्डीची मास्तर मंडळी धारवाडहून मुद्दाम इथं येत, कारण अप्पांच्या पत्रिकेत मराठी आणि कानडी दोन्ही मजकूर असे आणि दोन्हींत चूक नसे. संगणक विंडोज एक्सपीवर चालतो. त्याच्या पाठीला प्रिंटरच्या खोबणीत अंगठ्याएवढी एक डबी लावलेली आहे. ती नसेल तर अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि तिला ओळखणारी शेवटची विंडोज हीच. ते सॉफ्टवेअर विकणारी कंपनी केव्हाच बंद झाली. नव्या यंत्रावर जायचं तर अप्पांनी पंचवीस वर्षांत रचलेली एकही पत्रिका सोबत येणार नाही. पूर्वी पडद्यावर नुसत्या फाईली असत आणि खाली नावं. नावं वाचता येत नाहीत म्हटल्यावर सगळ्या फाईली सारख्याच झाल्या. अप्पा पहिल्या दिवशी पडद्याकडे बघत बसले आणि मग डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर उघडझाप करत राहिले.

चिन्हं काढणं हाच उत्तराचा धंदा. मोबाइलवरच्या ॲपची चिन्हं ती पंधरा वर्षं काढते आहे. आता चिन्ह एकदा काढतात आणि ते पाहिजे त्या आकारात आपोआप ताणलं जातं. तिच्या हाताखालच्या मुलांनी बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांचा चौकोन कधी हातानं भरलेला नाही. सवयीनं तिनं अप्पांसाठीही तसंच केलं, दोनशे छप्पन्नचा एक मोठा देखणा कलश, आणि एक्सपीनं त्याच्या जागी कोरा पांढरा कागद दाखवला. त्याला तो आकारही समजत नव्हता आणि ती बांधणीही. मग तिनं विसरलेलं सगळं पुन्हा आठवलं. या यंत्राला अठ्ठेचाळीस, बत्तीस आणि सोळा असे तीन आकार लागतात. प्रत्येक आकार तीनदा काढायचा: एकदा पूर्ण रंगांत, जिथं कडा हळुवार विरते, एकदा दोनशे छप्पन्न रंगांत आणि एकदा फक्त सोळा रंगांत, जिथं ठिपका एक तर असतो किंवा नसतो. नऊ चित्रं एका फाईलीत एकावर एक ठेवलेली. त्यातलं कोणतं दाखवायचं हे यंत्र ठरवतं, काढणारा नाही. अप्पांची नजर कमी म्हणून तिनं पडद्यावरचा आकार बहात्तरपर्यंत वाढवला. तेव्हा अठ्ठेचाळीसचं चित्र ताणलं जाऊन पुसट दिसायला लागलं, म्हणून बहात्तरचं दहावं वेगळं काढलं. लग्नाला कलश, बारशाला पाळणा, वास्तूला घर. बहात्तरच्या कलशाला तांब्याचा रंग होता, पोटावर कुंकवाचं स्वस्तिक, तोंडाशी आंब्याची पाच पानं आणि वर शेंडीचा नारळ. अप्पांनी तो पाहिला, डाव्या हातानं माउस नेला, दोनदा दाबलं. पत्रिका उघडली. "आतु," ते म्हणाले, आणि हसले. आत्यानं साखरेचा डबाच आणला आणि सगळ्यांच्या तोंडात बोटानं साखर घातली. तेव्हापासून ते रोज सकाळी दोन-तीन तास बसतात. कुणाची पत्रिका नसते, नाव नसतं. ते वेलबुट्टी हलवतात, गणपती वर-खाली करतात, चौकट बदलतात, एक कागद छापतात. त्याच्या चार कोपऱ्यांना आत्या देवापुढचं हळद-कुंकू लावते आणि मग तो कागद कुठंतरी ठेवून देते.

सोळा रंगांचे कलश उत्तरानं सगळ्यांत शेवटी काढले होते. आळस केला नव्हता, उलट नियम कसोशीनं पाळला होता. लहान आकारात मोठं चित्र दाबून बसवायचं नसतं, नव्यानं काढायचं असतं, आणि काढताना जे ओळखीला लागत नाही ते सोडून द्यायचं. बत्तीस ठिपक्यांत पानं मावत नव्हती. हिरव्या रंगाचे तुकडे होत आणि भांड्याचं तोंड चघळल्यासारखं दिसे. पानं गेली. पानं गेल्यावर नारळ नुसता उंचवटा झाला, तोही गेला. सोळा रंगांत तांबं नाही, केशरी नाही. जवळचा म्हणजे जांभळट तपकिरी, आणि सावलीला काळा. स्वस्तिक त्यात दिसेना. शेवटी धातू वाटावा म्हणून तिनं पोटावर चकाकीचे दोन पांढरे ठिपके ठेवले. हे चित्र कुणाला दिसण्याचं कारणच नव्हतं. यंत्र आजारी असेल, रंग सापडत नसतील, तेव्हाच ते वर येतं.

त्या दिवशी पहाटे वीज दोनदा जाऊन आली होती आणि यूपीएसची बॅटरी मेलेली होती. यंत्र सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत विचारतं की कसं सुरू करू. अप्पांना ती अक्षरं म्हणजे रेघोट्या. त्यांनी वर जाणाऱ्या बाणाची कळ दाबली असावी, काही वेळा, आणि मग एंटर, आणि पुढच्या प्रश्नालाही एंटर. यंत्र आजारपणातल्या रूपात सुरू झालं. आत्या टॉवेल फिरवत होती तेव्हा उत्तरा खिडकीपाशी गेली आणि तिनं पडदा पाहिला. सगळा काळा. चारी कोपऱ्यांत, हळद-कुंकू लावतात त्या जागी, 'सेफ मोड' ही इंग्रजी अक्षरं. डाव्या बाजूला पाळणा, घर, आणि त्यांच्या वर एक मडकं. काळसर, बिनझाकणाचं, आणि पोटावर जिथं दगड लागतो त्या जागी दोन पांढरे ठिपके, आतून काहीतरी बाहेर येत असल्यासारखे. तिनंच काढलेलं होतं. ती बसून त्याच्याकडे पाहत राहिली आणि पहिला विचार आला तो धंद्याचा होता, याची तिला नंतर बराच काळ लाज वाटत राहिली: चित्र चांगलं उतरलं होतं. बत्तीस ठिपक्यांत, सोळा रंगांत, एका नजरेत, वाचता न येणाऱ्या माणसाला जे कळायला हवं ते कळलं होतं.

कोरडे कपडे घातल्यावर अप्पा घरातून फिरले. आधी ते आत्यापाशी गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग उत्तरापाशी आले, तिच्या डोक्यावर ठेवला. मग मोबाइल उचलून तिच्या हातात दिला आणि हनुवटीनं दाखवलं. तिनं रोहितला व्हिडिओ लावला. रोहित कचेरीत होता, गळ्यात ओळखपत्र, मागे काच. "काय अप्पा? जेवण झालं?" अप्पांनी पडद्यावर त्याच्या गालाला बोट लावलं. "रूपाली," उत्तरा हळूच म्हणाली, "रूपालीला पण दाखव, घरी लाव." रोहितला काही कळेना, पण त्यानं बायकोला फोनमध्ये जोडून घेतलं. रूपाली डोक्याला मेंदी लावून बसली होती. "अय्यो, मामंजी, असं काय अचानक?" म्हणून तिनं पदर शोधला. अप्पांनी तिलाही पाहिलं. ते माणसं मोजत होते. जिवंत माणसाला हात लावून एकेकाला बाजूला ठेवत होते, आणि उत्तराला कळत होतं की यादी संपत आली आहे. ते सोफ्यावर बसले आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. उठून आत मात्र गेले नाहीत. चार वाजता कप काढतात का, किती काढतात, हे पाहायचं तिनं ठरवलं होतं, पण आत्यानं साडेतीनलाच चहा करून त्यांच्या हातात दिला.

"तुला थांबता येत नव्हतं काय?"

"सकाळपासून गार पाण्यात भिजलाय तो. चहाला मुहूर्त बघू होय?" आत्या म्हणाली. "आणि तू त्या डबड्यावर काय काढून ठेवलंस ते आधी पूस. लग्नाच्या जागी मडकं काढतात कुठं? तुमच्या पुण्यात काढत असतील."

"तो कलश आहे, आत्या."

"मला कलश दाखवतेस? सत्तर वर्षांत मला कलश कळेना आणि मडकं कळेना, नव्हे?"

संध्याकाळी रोहितचा फोन आला. तो म्हणाला, ते चित्र काढून टाक, नीट पानंबिनं असलेलं लाव, त्यांना दाखव, म्हणजे कुणी गेलेलं नाही हे त्यांना कळेल. उत्तरा म्हणाली, पण गेलंय. मग तो म्हणाला, "आपण सांगितलंय त्यांना. मी सांगितलंय."

"मग दोन कप का काढतात?"

"सवय असते, अक्का."

"आणि अंघोळ? तीही सवय?"

"मला माहीत नाही. मी इथं मीटिंगमधून बाहेर उभा आहे. तुला काय हवंय? त्यांना कळावं की कळू नये?"

तिनं फोन ठेवला आणि ती काम करायला बसली. आपल्या यंत्रावर तिनं तो बत्तीसचा चौकोन मोठा करून उघडला. ठिपके लादीएवढे झाले. दोन पांढऱ्या लाद्या काळ्या केल्या की भोक बुजतं. तोंडाशी सहा हिरव्या लाद्या बसवल्या की भांडं चघळलेलं दिसेल, पण कलश होईल. असा कलश अप्पांना दाखवणं म्हणजे त्यांना सांगणं, की तुमचं पाहण्यात चुकलं, सगळी माणसं आहेत. आणि चित्र आहे तसं ठेवणं म्हणजे, हो, गेलं आहे कुणीतरी, तुम्ही मोजा. आई असती तर तिनं असला प्रश्न शिल्लक ठेवला नसता. दुकानात अप्पांच्या डाव्या हाताला, खिडकीशी, वेताच्या स्टुलावर आई बसायची आणि प्रूफ वाचायची. तिच्या हातात लाल-निळी पेन्सिल असे. ती सपाट आवाजात मोठ्यानं वाचे आणि अप्पा मूळ कागदावर बोट फिरवत. विरामचिन्हंसुद्धा ती उच्चारत असे: "आमचे येथे श्रीकृपेकरून स्वल्पविराम." ही खोड घरीही आली होती. उत्तरानं लग्न करायचं नाही म्हणून सांगितलं त्या रात्री अप्पा खूप बोलले, आणि आई शेवटी म्हणाली, "तिनं सांगितलं. पूर्णविराम." लग्नाच्या कामावर ती लाल टोकानं खूण करी. काळ्या कामावर निळ्या. काळं काम म्हणजे गेलेल्या माणसाच्या तेराव्याचं कार्ड. त्याची फाईल अप्पांनी कधी पडद्याच्या पुढच्या बाजूला ठेवली नाही. ती आत, दोन-तीन कप्प्यांमध्ये असे. त्याचा कागद दाराआड वेगळा, छापून झालं की हात धुवायचे, आणि माणसाचं नाव त्याच दिवशी फाईलीतून पुसून टाकायचं, रात्रभर यंत्रात राहू द्यायचं नाही. आई काळं काम मोठ्यानं वाचत नसे. ओठ हलत, आवाज नसे. आणि एक नियम धंद्यातल्या सगळ्यांनीच पाळलेला: आपल्या घरचं काळं काम आपल्या यंत्रावर करायचं नाही. आईचं कार्ड रोहितनं धारवाडहून छापून आणलं होतं. त्यात 'वत्सला'चा 'त्स' तुटलेला होता आणि ते पाहणारं आता कुणी नव्हतं.

तिनं दोन्ही कलश तयार केले, एक पानांचा आणि एक तसाच. यंत्र मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केल्यावर बरं झालं होतं आणि बहात्तरचा तांब्याचा कलश स्वस्तिकासह पडद्यावर परत आला होता, जणू काही झालंच नव्हतं. तिनं अप्पांना हाताला धरून आणून दाखवला. त्यांनी पाहिलं. नारळाकडे, पानांकडे. मग त्यांनी बोट पडद्याला लावलं, कलशाच्या पोटावर, बरोबर जिथं पांढरे ठिपके होते तिथं, आणि तिच्याकडे वळून पाहिलं. पुसलेली खूण पाहणाऱ्याला दिसते तशी ती त्यांना दिसत होती. त्यांनी खुर्ची सरकवली आणि ते उठून गेले. त्यानंतर ते यंत्रासमोर बसले नाहीत. सकाळी कपाळाला अष्टगंध लावणं थांबलं. देवघरात जाणं थांबलं. आत्या म्हणाली, सुतक पाळतोय. कुणाचं पाळतोय हे ती म्हणाली नाही. दुपारी जेवताना त्यांनी गोडाची वाटी हातानं बाजूला केली, आणि चारच्या सुमाराला ओट्याशी गेले. उत्तरा दारातून पाहत होती. त्यांनी दोन कप काढले. कान तुटलेल्या कपाकडे थोडा वेळ पाहिलं आणि तो पालथा घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उताणा होता. त्यांनी केला की भांडी घासणाऱ्या सवितानं, हे विचारायची उत्तराला लगेच हिंमत झाली नाही, आणि शेवटी विचारलं तेव्हा सविता म्हणाली, "मला काय आठवतंय अक्का, कप तो कप."

कंपनीचं काम चालू होतं. कुणाला तरी गोल कोपरे जास्त गोल हवे होते. बैठकीत ती "हो, करते" म्हणे आणि कॅमेरा बंद करून घराचा कानोसा घेई. तिला वाटायचं की माणसाला माहीत असणं हेसुद्धा त्या फाईलीसारखंच असावं. एकाच नावाखाली दहा चित्रं, कुठलं पोचेल ते आतलं यंत्र ठरवणार. आपण बाहेरून नुसती काढून ठेवायची. एखाद्या वेळी पानांचा कलश, एखाद्या वेळी भोक पडलेलं मडकं, आणि यंत्राला काहीच समजलं नाही तर कोरा कागद. रोहितला तिनं हे सांगितलं नाही. आत्याला एकदा सांगायला सुरुवात केली तर आत्या म्हणाली, "तू झोपत नाहीस म्हणून असलं सुचतं," आणि तिच्या टाळूवर तेल घातलं. तेल थंड होतं. ते केसांतून कानामागे उतरताना उत्तराला रोहितच्या पाठीवरची धार आठवली.

आज सकाळी जिन्यात उन्हाची तिरीप आली तेव्हा प्रिंटरचा आवाज झाला. तो जुना प्रिंटर आधी गरम होतो, गुरगुरतो, मग कागद ओढतो. उत्तरा कॉलवर होती. ती हेडफोन काढून उठली. बाहेरच्या खोलीत अप्पा यंत्रासमोर बसलेले होते. पडद्यावर काळी चौकट होती. काळ्या कामाच्या त्या फाईलीला तिनं चिन्ह काढलेलं नाही, ती पुढे नाही, तीन कप्पे उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि कप्प्यांवर नुसती अक्षरं आहेत. हाताला रस्ता माहीत असणार. आत्या देवघराच्या दारात उभी होती आणि तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"आपल्या यंत्रावर?" आत्या पुटपुटली. "तो कधी नाही करायचा. घरचं असतं तर तो कधी नाही करायचा, उत्तरा."

"मग परक्याचं असेल."

"कुणा परक्याचं?"

कागद बाहेर आला. अप्पांनी तो दोन बोटांत धरून वाळवल्यासारखा हलवला. काळी चौकट, वर फोटोचा रिकामा चौकोन, खाली नावाची रिकामी ओळ, मग ठरलेला मजकूर, आधी मराठी मग कानडी. ते न्हाणीघराकडे गेले, उजवा पाय ओढत, हात धुऊन आले. मग खिडकीजवळचं, संगणकाबरोबर दुकानातून आलेलं वेताचं स्टूल, ज्यावर आता वर्तमानपत्रं साठलेली असतात, त्यांनी मोकळं केलं. वर्तमानपत्रं खाली जमिनीवर ठेवली. स्टूल डावीकडे ओढून नेहमीच्या जागी आणलं, त्यावर कागद ठेवला, आणि कागदावर लाल-निळी पेन्सिल. तिचं निळं टोक नुकतंच तासलेलं होतं. साल खुर्चीखाली पडली आहे. मग ते खुर्चीवर बसले, मूळ मजकुराच्या कागदावर बोट ठेवावं तसं मांडीवर बोट ठेवलं, आणि वाट पाहू लागले.

उत्तरानं रोहितला फोन लावला, तो उचलला गेला नाही. आत्या आत जाऊन बसली आहे. दुसऱ्या खोलीत कॉल अजून चालू आहे आणि तिचं नाव घेऊन कुणीतरी काहीतरी विचारतं आहे. स्टूल रिकामं आहे. कागदावर नाव नाही. अप्पांचं बोट मांडीवर पहिल्या ओळीच्या सुरुवातीला आहे, आणि ते अजून हललेलं नाही.